मतदाराच्या बोटासाठी घडलेले यंत्र : मतपेटीपासून निळ्या बटणापर्यंत

बंगळूरच्या वायव्य भागात जालहळ्ळी येथे भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही १९५४ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी आहे. तिथून थोड्याच अंतरावर राजाजीनगर हा शहरातील जुना आणि दाट वस्तीचा भाग लागतो. निवडणुकीच्या दिवशी राजाजीनगरातील शाळांमध्ये रांगा लागतात, तेव्हा त्या रांगेत घरी कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू किंवा मराठी बोलणारी माणसे उभी असतात. त्यांत अभियंते असतात आणि कधीही शाळेची पायरी न चढलेल्या आज्याही असतात. मात्र पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेल्यावर त्या सर्वांना एकच कृती करायची असते : आपल्या पसंतीच्या चिन्हासमोरचे निळे बटण दाबायचे. ही कृती इतकी सोपी आहे, की तिच्यामागे कुणी विचार केला असेल हेच ध्यानात येत नाही. प्रत्यक्षात हा सोपेपणा घडवण्यात सुमारे चार दशके गेली.

वस्तू कशी चालते यापेक्षा माणूस तिच्याशी कसा वागेल, यापासून रचनेला आरंभ करावा, हा विचार आज संगणकविज्ञानाच्या आणि डिझाइनच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांचे या विषयावरील प्रसिद्ध पुस्तक १९८८ साली प्रकाशित झाले. भारताच्या निवडणूक आयोगापुढे हाच प्रश्न त्याआधी ३७ वर्षे उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर चुकले असते तर त्याची किंमत एका उत्पादनाच्या अपयशाएवढी मर्यादित राहिली नसती.

वाचता न येणाऱ्यांचे मतदान

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झाली. मतदारांची संख्या १७ कोटींहून अधिक होती. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. म्हणजे मतपत्रिकेवर नावे छापून त्यांपैकी एकावर खूण करा, असे सांगितले असते तर बहुसंख्य मतदारांना मतदानासाठी दुसऱ्याच्या डोळ्यांचा आधार घ्यावा लागला असता. गुप्त मतदानाचा हक्क कागदावर राहिला असता.

मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात यावर जो मार्ग काढला गेला, त्यात मतदाराकडून किमान कौशल्याची अपेक्षा होती. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र मतपेटी ठेवायची आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावायचे. मतदाराने काही लिहायचे नाही, शिक्का मारायचा नाही. हातातील कागद आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायचा. वाचन आणि लेखन या दोन्ही कृती काढून टाकून ओळखणे आणि टाकणे एवढ्या दोनच कृती शिल्लक ठेवल्या गेल्या. या रचनेसाठी लाखो पेट्या लागणार होत्या. त्यांपैकी १२ लाखांहून अधिक पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. बाहेरून कुलूप लावल्यास पेटी ठरलेल्या किमतीत बसेना, म्हणून आतून अडकणारी कळ योजण्यात आली.

पेट्यांचा प्रश्न सुटला, तरी दुसरा प्रश्न मतदार यादीत दडलेला होता. अनेक स्त्रियांनी यादीत स्वतःचे नाव न देता ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याची पत्नी’ अशी नोंद केली होती. आयोगाने अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. पेटी वापरणाऱ्याच्या सवयींचा विचार झाला होता. अर्जाच्या रकान्याच्या बाबतीत तो तितका झाला नव्हता. व्यवस्थेच्या एका टोकाला माणसाला सामावून घेणारी रचना असली, तरी दुसऱ्या टोकाचा दरवाजा बंद राहू शकतो, हे त्या निवडणुकीने दाखवले.

शिक्क्याचा हात डावा की उजवा?

उमेदवारागणिक पेटी या पद्धतीत एक मोठी उणीव होती. मतपत्रिकेवर कोणतीच खूण नसल्यामुळे ती पेटीत न टाकता खिशातून बाहेर नेता येई आणि दुसऱ्याच्या हाती देता येई. शिवाय उमेदवार वाढले की पेट्या वाढत, आणि केंद्रातील जागा मात्र तेवढीच राही. त्यामुळे १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पद्धत बदलली. सर्व उमेदवारांची नावे आणि चिन्हे एकाच मतपत्रिकेवर आली, पेटी एकच झाली आणि मतदाराच्या हाती शिक्का आला.

आता नवा दोष उद्भवला. शिक्क्याची शाई ओली असताना कागदाची घडी घातली, की समोरच्या बाजूवर दुसरा ठसा उमटे. मोजणी करणाऱ्याने खरा ठसा कोणता मानावा? यावरील उत्तर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष आवडावे असे आहे. शिक्क्यासाठी साधी फुली न घेता बाणफुली निवडण्यात आली. साध्या फुलीचे आरशातील प्रतिबिंब फुलीसारखेच दिसते. बाणफुलीच्या भुजा मात्र एकाच दिशेने वळलेल्या असतात, त्यामुळे तिच्या प्रतिबिंबात त्या उलट दिशेने वळतात. उजवा हात आरशात डावा दिसावा तसेच हे आहे. घडीमुळे उमटलेला ठसा हे मूळ ठशाचे प्रतिबिंब असल्यामुळे तो पाहताक्षणी ओळखता येतो. रेणूंच्या रचनेत ज्या गुणधर्माला ‘हस्तत्व’ म्हणता येईल, तोच गुणधर्म येथे रबराच्या शिक्क्यात वापरला गेला.

तरीही बाद मते थांबली नाहीत. दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर मारलेला शिक्का, दोन ठिकाणी मारलेला शिक्का, शिक्क्याऐवजी उमटवलेला अंगठा, अशा कारणांनी दर निवडणुकीत लाखो मते रद्द होत. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की या मतदारांनी रांगेत उभे राहून, निर्णय घेऊन मत दिलेले होते. कागद त्यांना चूक करू देत होता, आणि ती झाली आहे हे सांगण्याची त्याच्याजवळ कोणतीही सोय नव्हती.

यंत्र आले, कायदा नव्हता

१९७७ साली तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर यांनी इलेक्ट्रॉनिक यंत्राची कल्पना मांडली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपनीने १९७९ मध्ये नमुना तयार केला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना दाखवण्यात आला. पुढे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स या कामात सहभागी झाली. तेथे या यंत्राच्या विकासावर देखरेख करणाऱ्या अभियंत्यांत एस. रंगराजन यांचा समावेश होता. तमिळ वाचक त्यांना ‘सुजाता’ या टोपणनावाने, विज्ञानकथांचे लोकप्रिय लेखक म्हणून ओळखतात.

पहिला प्रत्यक्ष वापर १९ मे १९८२ रोजी केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघातील ५० मतदान केंद्रांवर झाला. त्याची कथा विलक्षण आहे. उमेदवार सिवन पिल्लै यांनी यंत्रांच्या वापराला निवडणुकीपूर्वी न्यायालयात आक्षेप घेतला होता. तेच १२३ मतांनी निवडून आले. मग पराभूत उमेदवार ए. सी. जोस यांनी आक्षेप घेतला. ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की यंत्राच्या गुणदोषांचा प्रश्न वेगळा. कायद्यात मतपत्रिकेखेरीज दुसऱ्या साधनाची तरतूदच नाही. त्या ५० केंद्रांवर कागदी मतपत्रिकेने फेरमतदान झाले आणि जोस विजयी झाले.

डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ६१अ आले आणि १५ मार्च १९८९ पासून ते लागू झाले. यंत्रे बनली. तथापि त्यांचा प्रायोगिक वापर सुरू व्हायला नोव्हेंबर १९९८ उजाडले. मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतील १६ मतदारसंघांत ती वापरली गेली. २००४ ची लोकसभा निवडणूक संपूर्ण देशात यंत्रांवर झाली.

पवईतील काम : काय दिसावे, काय दिसू नये

याच वाटचालीत यंत्राचे बाह्यरूप मुंबईत घडले. पवई येथील आयआयटी मुंबईमध्ये १९६९ साली औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले होते. तेथील प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी मतदान यंत्राची औद्योगिक रचना केली. आतील परिपथ अभियंत्यांचे. त्या परिपथाला मतदाराच्या आणि मतदान अधिकाऱ्याच्या हाती देणारे रूप या रचनाकारांचे.

यंत्राचे दोन भाग आहेत. नियंत्रण एकक अधिकाऱ्याच्या टेबलावर राहते, मतदान एकक आडोशामागे. दोहोंना जोडणारी केबल पाच मीटरची. अधिकारी ‘बॅलट’ बटण दाबतो, तेव्हा मतदारासमोर हिरवा दिवा लागतो. मतदार निळे बटण दाबतो, त्याच्या चिन्हाशेजारी लाल दिवा लागतो आणि मोठा ‘बीप’ ऐकू येतो. त्यानंतर अधिकाऱ्याने पुन्हा परवानगी देईपर्यंत यंत्र कोणतेही बटण स्वीकारत नाही. एकाच मतदाराने दहा वेळा बटण दाबले तरी मत एकच नोंदले जाते. कागदावर शक्य असलेली ‘दोन ठिकाणी शिक्का’ ही चूक येथे करताच येत नाही. न वापरलेली बटणे पांढऱ्या पट्टीने झाकलेली असतात, त्यामुळे रिकाम्या जागी मत देण्याची शक्यताही उरत नाही.

या रचनेचे मर्म प्रकाश आणि ध्वनी यांच्या वाटणीत आहे. लाल दिवा फक्त मतदाराला दिसतो, कारण मत कुणाला गेले ही माहिती खासगी आहे. ‘बीप’ मात्र सर्वांना ऐकू येतो, कारण एक मत पडले ही माहिती सार्वजनिक आहे. मतदान प्रतिनिधी तो आवाज ऐकून आपल्या नोंदी ताडून पाहू शकतात. नियंत्रण एककावरील ‘टोटल’ बटणही याच तत्त्वावर आहे : ते एकूण मते दाखवते, वाटणी दाखवत नाही. निकाल दाखवणारे बटण मोहरबंद झाकणाखाली राहते. गुप्तता आणि पारदर्शकता या परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गरजा एकाच वस्तूत अशा रीतीने सांभाळल्या आहेत, की वापरणाऱ्याला त्या तत्त्वांची नावेही ठाऊक असण्याची आवश्यकता नाही.

काही गुण मुद्दाम ठेवलेल्या मर्यादांचे आहेत. यंत्र मिनिटाला पाचापेक्षा अधिक मते नोंदवत नाही. केंद्र बळकावून गठ्ठ्याने शिक्के मारण्याचे प्रकार एके काळी घडत. येथे बळजोरी करणाऱ्यालाही यंत्राच्या गतीनेच जावे लागते, आणि धोका दिसताच केंद्राध्यक्षाने ‘क्लोज’ बटण दाबले की मतदान थांबते. यंत्र बॅटरीवर चालते, म्हणून वीज नसलेल्या वाडीवस्तीतही ते जाऊ शकते. पुढील काळात बटणांशेजारी ब्रेल लिपीतील अंक आले. २०१३ मध्ये ‘नोटा’चा पर्याय आला. सारख्या नावाच्या उमेदवारांमुळे होणारा गोंधळ टाळण्यासाठी २०१५ पासून मतपत्रिकेवर छायाचित्रे छापली जाऊ लागली.

बेळगाव, निजामाबाद आणि पुणे

माणसे रचनेच्या मर्यादांचा अर्थही आपापल्या परीने लावतात. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे राहिले. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने मराठी भाषकांना मोठ्या संख्येने अर्ज भरायला लावले होते. कागदी मतपत्रिकेला तत्त्वतः लांबीची मर्यादा नव्हती, पण शेकडो चिन्हांतून आपले चिन्ह शोधायला माणसाच्या डोळ्याला मर्यादा होती. त्याच वर्षी लोकसभेसाठीची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली. माणूस आणि मतपत्रिका यांच्यातील अडचण कायद्याने सोडवण्याचा तो प्रयत्न होता.

यंत्राची मर्यादा आकड्यात सांगता येते. एका मतदान एककावर १६ बटणे असतात. पूर्वीच्या यंत्रांना अशी चार एकके, म्हणजे ६४ बटणे जोडता येत. नव्या पिढीच्या यंत्राला २४ एकके, म्हणजे ३८४ बटणे जोडता येतात. २०१९ मध्ये तेलंगणातील निजामाबाद येथे शेतकऱ्यांनी हळदीच्या भावासाठी अर्ज भरले आणि १८५ उमेदवार झाले. प्रत्येक केंद्रावर १२ एकके एकमेकांना जोडावी लागली. यंत्र कमी पडले नाही. पण १८६ बटणांसमोर उभ्या राहिलेल्या मतदाराला ‘एक नजर, एक बोट’ ही मूळ सोय मिळाली असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रातील बहुसदस्यीय प्रभागांत हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. २०१७ च्या पुणे महापालिका निवडणुकीत चार सदस्यांचे प्रभाग होते. एकाच मतदाराला चार मते द्यायची होती, आणि जागा ओळखता याव्यात म्हणून मतपत्रिकांना वेगवेगळे फिके रंग दिले होते. एका बटणानंतर आवाज येण्याची सवय लागलेल्या मतदारासाठी येथे नियम बदलतो : सर्व मते दिल्यावरच मोठा आवाज होतो. म्हणून मतदान अधिकाऱ्यांना प्रत्येकाला समजावून सांगावे लागते. ज्या यंत्राला सूचनांची गरज नव्हती, त्याच यंत्राला निवडणुकीची पद्धत बदलताच सूचना चिकटल्या.

चूक मतदाराची की कागदाची?

सन २००० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडाच्या पाम बीच परगण्यात उमेदवारांची नावे दोन पानांवर आणि छिद्रे मधोमध अशी मतपत्रिका होती. डाव्या पानावर दुसरे नाव अल गोर यांचे होते, पण दुसरे छिद्र उजव्या पानावरील पॅट ब्युकॅनन यांचे होते. गोर यांचे छिद्र तिसरे. ज्यांनी दुसऱ्या नावासाठी दुसरे छिद्र पाडले त्यांचे मत भलत्याच उमेदवाराला गेले. फ्लोरिडाचा आणि त्यामुळे अध्यक्षपदाचा निकाल अखेर ५३७ मतांनी लागला. तेथील मतदार साक्षर होते. चिन्ह आणि बटण एका सरळ रेषेत असावे ही साधी गोष्ट एखाद्या देशाचा इतिहास फिरवू शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

वापरणे आणि पडताळणे

येथपर्यंतचा इतिहास सोयीचा आहे. विश्वासाचा इतिहास त्याहून अवघड आहे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी तेथे वापरलेली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली. विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे पडताळता आले पाहिजेत, असे त्यामागचे तत्त्व होते. २०१० मध्ये हरि प्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप गाँगग्रिप या संशोधकांनी भारतीय यंत्र प्रत्यक्ष हाती आल्यास त्यातील भाग बदलून निकाल कसा फिरवता येईल हे दाखवले. यंत्रांभोवतीचे सील, पहारा आणि मतदानापूर्वीचे अभिरूप मतदान यांमुळे असे घडणे शक्य नाही, ही आयोगाची भूमिका राहिली.

हा वाद नीट पाहिला तर तोही मानव आणि वस्तू यांच्या संवादाचाच आहे. लाल दिवा मतदाराला सांगतो, की बटण ओळखले गेले. आतील स्मृतीत काय लिहिले गेले हे तो सांगू शकत नाही. कागदावर ही दोन उत्तरे एकच होती, कारण मतदाराने मारलेला ठसाच मोजला जाई. यंत्राने बाद मते घालवली, पण मतदाराच्या डोळ्यांसमोरचा पुरावाही घालवला.

त्याची भरपाई म्हणून व्हीव्हीपॅट आले. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन येथे त्याचा पहिला वापर झाला. ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते टप्प्याटप्प्याने आणण्यास सांगितले, आणि २०१९ ची लोकसभा निवडणूक देशभर त्यासह झाली. बटण दाबल्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि मग बंद पेटीत पडते. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्रातील आकड्यांशी ताडून पाहिल्या जातात. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी अमान्य केली. मात्र चिन्हे भरणारी उपकरणे निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवण्याचा आदेश दिला.

चिठ्ठी चुकीची दिसल्यास मतदार तक्रार करू शकतो. त्यासाठी लेखी निवेदन द्यावे लागते, सर्वांसमोर चाचणी मत नोंदवावे लागते, आणि तक्रार खोटी ठरल्यास शिक्षेची तरतूद आहे. नियम खोडसाळपणा रोखण्यासाठी आहे, हे समजण्यासारखे आहे. पण सात सेकंदांत पाहिलेल्या चिठ्ठीविषयी मनात शंका आलेली राजाजीनगरातील किंवा बेळगावातील एखादी आजी हे पाऊल उचलेल का, हा रचनेचाच प्रश्न आहे. निळे बटण दाबण्यासाठी तिला लिहिता येण्याची गरज उरली नव्हती. शंका नोंदवण्यासाठी मात्र पुन्हा लेखी निवेदन आडवे येते.

१९५१ मध्ये पेटीवर चिन्ह लावणाऱ्यांनी मतदाराला काय येत नाही याची यादी आधी केली आणि मग तेवढे वगळून पद्धत बांधली. पवईतील रचनाकारांनी कुणाला काय कळावे, याची वाटणी वस्तूच्या रूपात उतरवली. आता उरलेले काम पडताळणीचे आहे : सामान्य नागरिकाला तज्ज्ञावर विसंबून न राहता, भीतीशिवाय आणि आपल्या हातांनी करता येईल अशी पडताळणी. भौतिकशास्त्र, सांख्यिकी, संगणकविज्ञान आणि डिझाइन यांपैकी कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न अजून खुला आहे, आणि तो सोडवताना सुरुवात परिपथापासून करायची की माणसापासून, याचे उत्तर गेल्या सात दशकांच्या अनुभवात आहे.